हाड आणि सरस: गिटारसाठी स्वस्तातलं सामान, वापरून आणि मोजून

मी बनवलेल्या पाचव्या गिटारच्या पोटातली एक ब्रेस, म्हणजे वरच्या फळीला आतून आधार देणारी लाकडी पट्टी, सुटल्याचं मला कानाने कळलं. जाड तार छेडली की आतून बारीक खरखर यायची. साउंडहोलमधून छोटा आरसा आणि दिवा घालून पाहिलं तर ब्रेसच्या टोकाखाली फट, जाड कागद सहज सरकेल एवढी. ती ब्रेस ज्या सरसाने चिकटवली होती तो मला फार स्वस्तात मिळाला होता. पिशवीवर ‘हाइड ग्लू’ एवढंच छापलेलं. कुठल्या प्रतीचा, कधीचा, काहीच नाही. आधी वाटलं, माझाच हात मंद पडला असणार, सरस थिजायच्या आत क्लॅम्प लागला नसणार. म्हणून त्याच पिशवीतला सरस नव्याने भिजवला, स्प्रूसच्या, म्हणजे गिटारच्या वरच्या फळीच्या लाकडाच्या, तुकड्यांचे गरम करून सहा सांधे जोडले, दोन दिवस सुकू दिले आणि वाइसमध्ये धरून मोडले. सहाच्या सहा सांधे सरसातच फुटले. लाकूड जसंच्या तसं.

विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं की सरस सगळे सारखेच असतात. नोकरीची कितीतरी वर्षं मी प्रयोगशाळेत वजनं-मापं करण्यात घालवली आहेत, त्यामुळे हे उत्तर मला गप्प बसू देईना. पुढच्या वर्षभरात मी चार प्रकारचे सरस, चार ठिकाणचं हाड (नट आणि सॅडल, म्हणजे तारा दोन टोकांना ज्यांवर टेकतात त्या पट्ट्यांसाठी) आणि सरस तापवायची तीन साधनं घेतली, मोजली, वापरली. सगळं स्वस्तातलं. महागडं सामान चांगलं असतं हे सांगायला माझी गरज नाही. हौसेने गिटार बनवणाऱ्याचे पैसे लाकडात, फ्रेटवायरमध्ये आणि ट्यूनिंग मशीनमध्येच संपतात, म्हणून सरस आणि हाडात किती वाचवता येतं आणि कुठे वाचवू नये, ते लिहिते आहे.

सरस कशाला, बाटलीतला पांढरा गोंद काय वाईट, असं कुणीही विचारेल. पांढऱ्या गोंदाने उत्तम गिटारी बनतात, त्याबद्दल वाद नाही. मला सरस हवा असतो तो दोन कारणांसाठी. स्टीलच्या हलक्या तारांचा सेट सुरात लावला की ब्रिजवर, म्हणजे वरच्या फळीवर चिकटवलेल्या, तारा अडकवायच्या लाकडी पट्टीवर, सुमारे 70 किलोचा ताण येतो, आणि तो रात्रंदिवस राहतो. सुकलेला सरस कडक असतो, अशा ताणाखाली तो हळूहळू सरकत नाही. दुसरं, सांधा उघडायची वेळ आली की ऊब आणि ओल दिली की तो उघडतो, आणि जुन्या सरसावर नवा सरस धरतो. पांढऱ्या गोंदाचा सुटलेला सांधा आधी पार खरवडून काढावा लागतो. ज्याला कधी ना कधी आपल्याच गिटारची दुरुस्ती करायची आहे त्याला या गोष्टीचं मोल कळेल. दमटपणा आणि उष्णता एकत्र आली तर मात्र सरस हार मानतो, ते लक्षात ठेवूनच गिटार ठेवायची.

आता सरसाची ताकद सांगणाऱ्या आकड्याविषयी. सरस म्हणजे कातडं किंवा हाड पाण्यात तापवून त्यातल्या कोलॅजेनचं केलेलं जिलेटिन. पहिल्या काढ्यात लांब साखळ्या येतात, त्यांचा सरस ताकदवान. जितकं जास्त तापवावं तितक्या साखळ्या तुटतात आणि सरस दुबळा होतो. ही ताकद ‘ग्रॅम स्ट्रेंग्थ’मध्ये मोजतात, तिलाच ‘ब्लूम’ म्हणतात, कारण मोजायचं यंत्र ऑस्कर ब्लूम यांचं. 1925 सालचं त्यांचं पेटंट आहे. वाद्यांच्या कामात 192 हा सर्रास वापरला जाणारा आकडा. 251 आणि 315 हेही मिळतात, पण ते इतके चटकन थिजतात की एकट्या माणसाला ब्रिज बसवेपर्यंत वेळ पुरत नाही. फर्निचरवाले 164 च्या आसपासचा वापरतात, त्यात जरा उसंत मिळते. आकडा मोठा म्हणजे गिटार जास्त टिकाऊ, असं समजू नका. 192 चा नीट केलेला सांधा मोडला तर लाकूड आधी फाटतं, आणि त्यापुढची ताकद आपल्या काही उपयोगाची नाही.

ब्लूमची पद्धत घरी करता येते, हे मला कळलं तेव्हा फार आनंद झाला. मूळ पद्धत अशी: 7.5 ग्रॅम कोरडा सरस, 105 मिलिलिटर पाणी, भिजवून 60 अंशांवर विरघळवायचा, मग 10 अंश सेल्सिअसला 16 ते 18 तास ठेवून त्याची जेली होऊ द्यायची. 12.7 मिलिमीटर व्यासाचा सपाट दांडा त्या जेलीत 4 मिलिमीटर दाबायला जितके ग्रॅम लागतील तितका ब्लूम. मी सारख्या मापाच्या चार बरण्या घेतल्या. 12.7 मिलिमीटरचा लाकडी डॉवेल घेऊन त्याचं टोक काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासून सपाट केलं, कड मोडली नाही, आणि टोकापासून बरोबर 4 मिलिमीटरवर पेन्सिलीने बारीक रेघ मारली. बरणी स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवायची, काटा शून्यावर आणायचा आणि डॉवेल हाताने सरळ खाली दाबायचा. रेघ जेलीच्या पातळीला टेकली की काट्यावर दिसेल तो आकडा वाचायचा. हात थरथरतो म्हणून मी कोपर टेबलावर टेकवून दाबत होते आणि प्रत्येक बरणीत तीन जागी दाबून मधला आकडा धरला.

घरचा फ्रिज 10 अंशांपेक्षा थंड असतो, त्यामुळे सगळे आकडे खऱ्यापेक्षा चढे येतात. यावर उपाय म्हणजे ज्याचा ब्लूम आधीच माहीत आहे असं काहीतरी सोबत मोजायचं. खाद्य जिलेटिनच्या पारदर्शक पत्र्या मिळतात त्या प्रतवारीने विकतात, आणि ‘गोल्ड’ प्रत साधारण 200 ब्लूमची असते. त्यातल्या 7.5 ग्रॅम कातरून एका बरणीत घातल्या. पत्र्या मोजून नव्हे, वजन करूनच घ्या. वरच्या प्रतीची पत्री मुद्दाम हलकी बनवतात, म्हणजे पदार्थात एकास एक बदलता येते. बाकीच्या बरण्यांचे आकडे मग या बरणीशी ताडून पाहायचे.

वाद्यांचं सामान विकणाऱ्याकडून घेतलेला 192 चा दाणेदार सरस जिलेटिनच्या पत्रीच्या किंचित खाली आला, म्हणजे लेबल खरं होतं. मोत्यांसारखे गोल दाणे असलेला हाडाचा सरस पत्रीच्या निम्म्याच्या आसपास राहिला. आणि ती बिननावाची पिशवी निम्म्याच्याही बरीच खाली. डॉवेल त्यात लोण्यात सुरी जावी तसा गेला. पाचव्या गिटारच्या ब्रेसचं उत्तर मला तिथे मिळालं.

दाणेदार 192 बद्दल तक्रार करायला जागाच नाही. रंग फिकट मधाचा, वास अगदी मंद, अर्ध्या-पाऊण तासात भिजून फुगतो. वजनाने एक भाग सरस आणि दोन भाग थंड पाणी घेऊन सुरुवात करते, मग 60 अंशांवर ठेवून ब्रशवरून पडणारी धार बघते. धार पातळ मधासारखी अखंड पडली पाहिजे. थेंब थेंब पडला तर जाड, पाण्यासारखा सांडला तर पातळ. मोठ्या डब्यापेक्षा सुट्या लहान पाकिटात घ्याल तर वजनामागे महाग पडतो, म्हणून माझा सल्ला: अर्धा किलो एकदम घ्या. कोरडा सरस घट्ट झाकणाच्या बरणीत वर्षानुवर्षं टिकतो. एका गिटारला सांडलवंड धरूनसुद्धा 50-60 ग्रॅमच्या वर कोरडा सरस मला कधी लागलेला नाही. म्हणजे अर्ध्या किलोत आठ-नऊ गिटारी झाल्या, आणि त्या हिशोबाने सगळ्या सामानात हाच सगळ्यात स्वस्त निघाला.

खाद्य जिलेटिनने मला चकित केलं. रंग नाही, वास नाही, कुठेही मिळतं, आणि ब्लूम चांगला. त्याने केलेले स्प्रूसचे सहा सांधे मोडले तेव्हा सहाही ठिकाणी लाकूड फाटलं. पांढऱ्या स्प्रूसच्या टॉपची, म्हणजे वरच्या फळीची, मधली जोड मी आता त्यानेच लावते, कारण रेघ दिसतच नाही. पावडर घ्याल तर साखर, रंग, स्वाद काही न मिसळलेली घ्या. एकच अडचण आहे, ते 192 पेक्षा मला जरा लवकर थिजल्यासारखं वाटलं. मधल्या जोडीला दोन फळ्या एकमेकींवर घासून बसवायच्या असतात, तिथे चालून जातं. ब्रिजला मी ते वापरत नाही.

मोत्यांच्या सरसावर मी अन्याय करणार नाही. भिजायला रात्रभर घेतो, तापला की त्याचा वास खोलीभर होतो, आणि रंग तपकिरी. पण कागद-कापड चिकटवायला, साच्यावर कॉर्क लावायला, लाकडी क्लॅम्पच्या टोकांना चामडं लावायला तो छान आहे, आणि फार स्वस्त आहे. गिटारच्या अंगावर तो नको, एवढंच.

चौथा म्हणजे बाटलीतला तयार द्रव सरस, ज्यात युरियासारखं काहीतरी घालून तो थंड असताना पातळ ठेवलेला असतो. तापवायची कटकट नाही, वेळ भरपूर मिळतो. पण तो बाटलीतच म्हातारा होतो. मला आलेल्या बाटलीवर तयार झाल्याची तारीख शोधायला भिंग घ्यावं लागलं आणि ती निघाली दोन वर्षांपूर्वीची. एक थेंब प्लॅस्टिकवर टाकून दोन दिवस सुकवला. चांगला सरस अशा वेळी काचेसारखा कडकन तुटतो. हा चिवट रबरासारखा वाकला. बाटली फेकून दिली. ताज्या तारखेची मिळाली तर काठाच्या पट्ट्या, बाइंडिंग असल्या कामाला जरूर घ्या. ब्रिज आणि ब्रेस यांना मी द्रव सरस लावणार नाही, ताजा असला तरी.

एक गोष्ट कुणी सांगितली असती तर माझी एक बरणी वाचली असती. सुकताना सरस आक्रसतो, आणि तो इतक्या जोराने ओढतो की काचेच्या कपच्या काढतो. नक्षीची काच बनवायला कारागीर हाच गुण वापरत आले आहेत. तळ घासून खरबरीत झालेल्या एका बरणीत मी उरलेला सरस तसाच ठेवला आणि आठवडाभर विसरले. बरणीत बोट घातलं तर तळाशी शिंपल्याच्या आकाराच्या धारदार कपच्या. बोट थोडक्यात वाचलं. आता उरलेला सरस मी मऊ प्लॅस्टिकच्या बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून फ्रीझरमध्ये ठेवते आणि लागेल तसा एकेक तुकडा काढते. फ्रिजमध्ये नुसता ठेवला तर आठ-दहा दिवस बरा राहतो; वास बदलला, बुरशी दिसली की फेकायचा.

तापवण्यावर पैसे घालवू नका. खास सरसासाठीचं तांब्या-पितळेचं भांडं देखणं असतं, माझ्याही मनात भरलं होतं. पण कामाला लागतं ते एवढंच: पाण्याचं उबदार भांडं, त्यात सरसाची बरणी, आणि तापमान 60 च्या आसपास स्थिर. मेण वितळवायचा ब्यूटी पार्लरमधला हीटर घेतला तर त्याची कळ अगदी खालच्या खुणेवर ठेवूनही पाणी 75 च्या पुढे गेलं. मंद आचेचा कुकर मोठा, तापायला तासभर, आणि झाकण काढलं की पाणी निवतं. सगळ्यात चांगलं ठरलं ते लहान मुलांच्या दुधाची बाटली गरम करायचं यंत्र. लेक मोठी झाल्यापासून ते माळ्यावर पडून होतं. अर्ध्या फुलपात्राएवढी बरणी त्यात बरोबर बसते, आणि सगळ्यात वरच्या खुणेवर पाणी 62 अंशांवर थांबतं. प्रत्येक यंत्राचं हे वेगळं असणार, म्हणून सुई असलेला स्वयंपाकाचा थर्मामीटर मात्र घ्याच. या सगळ्या यादीत पैसे टाकून घेण्यासारखी हीच वस्तू आहे.

70 च्या वर सरस राहिला तर काय होतं तेही मी मोजलं. 192 चाच काढा दोन बरण्यांत वाटला. एक 60 अंशांवर दोन तास, दुसरी 80 वर दिवसभर, झाकण घट्ट लावून. मग दोन्ही सारख्या पातळ करून फ्रिजमध्ये. दुसऱ्या बरणीची जेली बोटाला जाणवण्याइतकी ढिली होती, डॉवेलची गरजच पडली नाही. चांगला सरस विकत घेऊन भांड्यात उकळणाऱ्याने तो स्वतःच हलक्या प्रतीचा करून घेतलेला असतो.

आणि लाकूडही गरम हवं. ब्रिज बसवायच्या आधी मी ब्रिजचा तळ आणि टॉपची जागा हेअर ड्रायरने कोमट करते, पंखा बंद, खिडकी बंद, क्लॅम्प उघडून हाताशी. त्याआधी सरसाशिवाय दोन वेळा रंगीत तालीम. सरस लावल्यापासून क्लॅम्प घट्ट होईपर्यंत माझ्या हाताला अर्धं मिनिट लागतं, आणि 192 तेवढा वेळ नक्की देतो.

आता हाडाकडे येते. नट आणि सॅडल हाडाचेच हवेत असा माझा हट्ट नाही, पण प्लॅस्टिकच्या पोकळ नटमध्ये तार रुतते आणि सूर लावताना कुर्र करत अडकते, हे ज्याने सोसलं आहे त्याला पटवायला नको. हाड कठीण असतं, नीट घासलं तर त्यात तार अलगद सरकते, आणि त्यावर कानस चालवताना हाताला जो भरीव प्रतिसाद मिळतो तो मला फार आवडतो.

तयार खाचा पाडलेले नट मी घेतले आणि बाजूला ठेवले. खाचांमधलं अंतर माझ्या नेकशी जुळलं नाही, आणि एका खाचेचा तळ आधीच खोल. ज्याच्या गिटारचं माप कारखान्याचं आहे त्याला बसतीलही.

दहा कोऱ्या तुकड्यांचं पाकीट मागवलं, सुटं घेण्यापेक्षा एकेक तुकडा फारच स्वस्त पडत होता. दहापैकी सात चांगले निघाले. दोनांच्या एका कडेला हाडाचा आतला जाळीदार, स्पंजासारखा भाग आला होता, तिथे खाच पाडली की किनार ढासळते. आणि एक संशयास्पद गुळगुळीत, दुधासारखा एकरंगी. त्याच्या तळाला लालबुंद सुई लावली तर सुई आत बुडाली आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. हाडाला सुई लावली तर ती बुडत नाही, आणि वास जळक्या केसांचा येतो. सुई लावायची इच्छा नसेल तर भिंगातून पाहा. खऱ्या हाडात बारीक काळसर ठिपके आणि लांब रेघा दिसतात, रक्तवाहिन्यांच्या नळ्यांच्या खुणा आहेत त्या. मी आणखी एक करते, तुकडा वीतभर उंचीवरून दगडी ओट्यावर टाकते. घट्ट हाड टण्ण वाजतं, भुसभुशीत हाड थप्प करून पडतं. सात चांगल्या तुकड्यांच्या किमतीने हिशोब केला तरी पाकीट परवडलं, पण विक्रेत्याने प्लॅस्टिकचा तुकडा हाड म्हणून घालावा हे मला रुचलं नाही. लिहून कळवलं, बदली तुकडा आला.

तुकड्यांत पांढरे शुभ्र आणि पिवळसर असे दोन प्रकार मिळतात. पांढरे ब्लीच केलेले. पिवळसर हाडात नैसर्गिक तेलकटपणा राहिलेला असतो आणि स्टीलच्या तारा त्यावर आणखी हलक्या सरकतात. अति ब्लीच केलेलं हाड खडूसारखं होतं, कानशीखाली त्याची धार झडते. दिसायला पांढरा नट छान दिसतो हे मान्य, पण दोन्ही मिळत असतील तर मी पिवळसर उचलते.

खरा शोध लागला तो कुत्र्यांच्या खाऊच्या दुकानात. कुत्र्यांना चघळायला पांढरी, पोकळ, नळीची हाडं मिळतात. धूर दिलेली, मसाला भरलेली नकोत. साधी, रिकामी, उघड्या तोंडाची घ्या. तोंडातून बघा, भिंत सगळीकडे सारखी जाड आहे का. मला मिळालेल्या हाडाची भिंत सगळ्यात पातळ जागी 7 मिलिमीटर होती, आणि लांबी वीतभराला थोडी कमी. क्लासिकल गिटारचा नट साधारण 52 मिलिमीटर लांब आणि 6 जाड, सॅडल 80 लांब आणि 3 च्या आत. दोन्ही त्यात मावतात.

कापायची माझी पद्धत सांगते. हाडाच्या एका बाजूला शिसपेन्सिलीने उभी रेघ, मग हॅकसॉच्या बारीक दातांच्या पात्याने रेघेवरून. हाड गोल असतं, वाइसमध्ये फिरतं, म्हणून दोन लाकडी ठोकळ्यांना इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच पाडून त्यात धरलं. नळी उभी चिरत गेलं की बाहेरून फुगीर आणि आतून खोलगट अशा पट्ट्या हातात येतात. काचेवर 80 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून त्यावर आधी एक बाजू सपाट करायची. फुगीर बाजूने सुरुवात करा, मधोमध चकाकणारी पट्टी रुंद होत जाताना दिसते आणि कुठे थांबायचं ते कळतं. मग दुसरी बाजू, मग तळ, शेवटी 220. एका हाडातून मला तीन नट आणि दोन सॅडल मिळाले, आणि निम्मं हाड अजून शिल्लक आहे. मेहनत मात्र आहे, एका तुकड्याला पाऊण तास सहज.

धूळ अजिबात हुंगू नका. हाडाची धूळ फार बारीक असते आणि दाताच्या डॉक्टरकडे ड्रिल चालताना येतो तसा वास सुटतो. एन-95 मास्क लावा, आणि पेपरवर थोडं पाणी शिंपडून घासा म्हणजे धूळ उडत नाही.

खाटकाकडची कच्ची नळी घेऊनही पाहिली, कारण ती जवळपास फुकट मिळाली. मगज काढला, मंद आचेवर शिजवलं, खरवडलं, भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात आठवडाभर रोज पाणी बदलत ठेवलं, मग 3 टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये, मग महिनाभर सावलीत सुकवलं. पहिल्या नळीला घाई केली. चरबी लवकर सुटावी म्हणून खळखळ उकळलं, तेही सोडा घालून, चार तास. सुकल्यावर तिचा नट केला आणि तिसऱ्या खाचेला त्याची किनार बोटाने उडाली.

हे का झालं ते सरसाच्या बरण्यांनी मला आधीच शिकवलेलं होतं, पण सांगड नंतर बसली. हाडाचा वजनाने साधारण दोन तृतीयांश भाग खनिज, आणि उरलेल्यात पाण्याखेरीज बहुतेक कोलॅजेनच. खनिजाने काठिण्य येतं आणि कोलॅजेनने चिवटपणा. मी हाड उकळत बसले तेव्हा त्याचं कोलॅजेन जिलेटिन होऊन पातेल्यात उतरत होतं. पातेलं गार झाल्यावर तळाशी जी थरथरती जेली जमली होती, ती नटमधून काढून घेतलेली ताकद होती. त्या रात्री मी ते पातेलं धुवायच्या आधी बराच वेळ चमच्याने हलवून बघत राहिले. दुसरी नळी मी फक्त वाफ निघेल इतक्याच आचेवर, तेही थोडा वेळ ठेवली आणि चरबी साबणाच्या पाण्यावर सोडून दिली. वेळ लागला, पण ते हाड टण्ण वाजतं. तरीही एवढा व्याप एकदाच करण्यासारखा आहे. कुत्र्याच्या खाऊचं हाड असताना कच्च्या नळीत मी पुन्हा पडणार नाही. अति भाजलेलं हाड तिथेही येऊ शकतं, म्हणून ओट्यावर टाकून आवाज ऐकल्याशिवाय करवत लावू नका.

सॅडलबद्दल एक सूचना. ब्रिजच्या खाचेत पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारं साधन) असेल तर सॅडलचा तळ अगदी सपाट हवा, नाहीतर एखादी तार दबकी ऐकू येते. काचेवर तळ टेकवून मागून दिवा धरा. कुठेही उजेड झिरपला तर आणखी घासा. घरी कापलेल्या हाडाला हे दोनदा तपासा, कारण सुकं वाटणारं हाड कापल्यावर एखाद्या केसाइतकं वाकतं. मी पट्ट्या कापून पंधरा दिवस तशाच ठेवते आणि मगच अंतिम मापाला आणते.

सातव्या गिटारला हे सगळं सामान लागलं आहे. टॉपची मधली जोड जिलेटिनची, ब्रेस आणि ब्रिज दाणेदार 192 चे, नट आणि सॅडल त्या कुत्र्याच्या खाऊच्या हाडातले. नट बसवताना त्याच्या तळाला 192 चे दोन थेंब, काडीच्या टोकाने, त्याहून जास्त नाही. म्हणजे पुढे कधी बदलायचा झाला तर बाजूने लाकडी ठोकळा लावून हलकेच टिचकी मारली की निघेल. पाचव्या गिटारची ती ब्रेसही मी गेल्या महिन्यात उघडली. कोमट पाण्याचा कपडा आणि गरम पात्याची सुरी लावल्यावर जुना सरस पाच मिनिटांत सुटला, जागा पुसून तिथेच नवा 192 घातला, आणि साउंडहोलमधून हात घालून छोट्या जॅकने रात्रभर दाबून ठेवली. आता जाड तार छेडली की नुसती तारच वाजते.